टॅपेट कव्हर उघडलं तर आत सगळं कोरडं! (अ‍ॅम्बेसेडर मार्क २)

माशेलचा_मार्क२ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचतो बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी बाबांची. १९७१ची मार्क २, अजून जीडी नंबरप्लेटवर. इंजिन मूळचंच, बीएमसीचं १४८९ सीसी बी-सिरीज. दहा वर्षं पडवीशेजारच्या मांडवात उभी होती. गेल्या डिसेंबरात इंजिन उतरवलं. बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवीन कॅम बेरिंग, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), रॉकरना, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांना, नवे बुश. लेथचं सगळं काम बाहेर दिलं आणि बांधणी मी आणि मेव्हण्याने घरी केली, मॅन्युअल पुढ्यात उघडं ठेवून.

जूनमध्ये सुरू झालं. आईने नारळ फोडला. तेलाच्या दाबाचं मेकॅनिकल गेज लावलंय, गरम झाल्यावर रस्त्यावर ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १८-२० दाखवतं. म्हटलं, जिंकलो.

मग माशेल ते साखळी, साखळी ते डिचोली असे छोटे फेरे मारले, सगळे मिळून साठेक किलोमीटर. परवा डिचोलीहून येताना वरून चिमणी ओरडल्यासारखा बारीक आवाज यायला लागला, घरी पोचेपर्यंत त्याची टकटक झाली. टॅपेट वाढले असतील (रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर) म्हणून कव्हर उघडलं, तर आत तेलाचा पत्ता नाही. बांधताना चोपडलेलं ग्रीस कडेला सुकून बसलंय, रॉकर वरून कोरडे, दोन व्हॉल्व्हची टोकं तपकिरी झालीत. फोटो टाकलेत.

दाब एवढा चांगला असताना वर तेल का नाही? इंजिन पुन्हा पूर्ण खोलावं लागेल का? चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आली आहे आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचं, सामान यंदा याच गाडीतून आणायचं असं आईला कबूल करून बसलोय.

तिळारी_टर्बो | रविवार, रात्री १०:०५

ऑइल पातळ असेल. जाड भरा, आवाज बंद. माझ्या मामाच्या जीपला तेच केलं होतं.

जुना_पाना | रविवार, रात्री १०:५०

जाड तेल भरू नको. आणि किल्ली काढून घरात ठेव, अजून एक फेरा म्हणून मारू नको.

आता दाबाचं. तुझं गेज मेन गॅलरीवर, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेवर आहे. पंपातून फिल्टर, फिल्टरमधून गॅलरी, तिथून मेन बेरिंग आणि कॅम बेरिंग. रॉकरचं तेल यातल्या शेवटच्या फाट्यावर आहे. मागच्या कॅम बेरिंगजवळून ब्लॉकमध्ये एक बारीक वाट वर चढते, गॅस्केटमधल्या भोकातून हेडमध्ये शिरते, तिथून मागच्या पेडेस्टलमध्ये (शाफ्ट धरणारा पाया) आणि मग पोकळ रॉकर शाफ्टमध्ये, ज्याच्यावर रॉकर हलतात. शाफ्टची भोकं प्रत्येक रॉकरखाली उघडतात. एवढ्या वाटेत कुठेही बूच बसलं तरी गेजला कळणारच नाही, उलट काटा थोडा वरच राहील.

तू माशेलचा, तुला कुळागराचं, आपल्या पोफळीच्या बागेचं सांगतो. वरच्या तळीत पाणी भरलेलं आहे म्हणून शेवटच्या पोफळीच्या आळ्यात पाणी पोचलं असं होत नाही. पाट मध्ये कुठे तुंबलाय ते चालत जाऊनच बघावं लागतं. तू तळीकडे बघून खूश झालास.

आता या चार गोष्टींची उत्तरं दे. फेसिंगला हेड किती काढलं? पेडेस्टलखाली शिम (उंची वाढवायचे पातळ पत्रे) घातले का, आणि कोणी कापले? कॅम बेरिंग कोणी दाबले, आणि भोक जुळवलेलं तू डोळ्यांनी पाहिलंस का? गॅस्केट कुठली, आणि तिच्यावरची वरची-पुढची बाजू बघून बसवली का?

कोथरूडकर | सोमवार, सकाळी ७:१५

शक्यता अशीही आहे की ओव्हरहॉलिंगनंतर प्रायमिंगच (सुरू करण्याआधी वाटांत तेल भरून घेणं) झालं नाही आणि वरच्या वाटेत हवा अडकली. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशिनने पंप फिरवून बघा. मी व्हिडिओत पाहिलंय, अर्ध्या मिनिटात तेल वर येतं.

जुना_पाना | सोमवार, सकाळी ८:०२

ते अमेरिकन व्ही-८चं आहे साहेब. तिथे डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरच पंप फिरतो. बी-सिरीजमध्ये पंपाला कॅमवरून वेगळा गियर आहे, डिस्ट्रिब्युटरची जागा वेगळी. या इंजिनात ड्रिल घालून हाताला काही लागणार नाही. इथे प्लग काढायचे आणि सेल्फ मारायचा, किंवा गेजच्या जोडणीतून दाबाने तेल भरायचं.

आणि साठ किलोमीटर चाललेल्या इंजिनात हवा अडकून राहत नाही.

मोरजीची_मायनर | सोमवार, सकाळी ११:३०

माझा अनुभव सांगते, गाडी वेगळी असली तरी. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, ९४८ सीसी ए-सिरीज. त्यात वाट उलटी, पुढच्या कॅम बेरिंगजवळून पुढच्या पेडेस्टलमध्ये. माझेही मागचे रॉकर कोरडे होते, पुढचे बरे. शाफ्ट काढला, टोकाचा प्लग सोडवला आणि आत बघितलं तर काळं, डांबरासारखं. आधी रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला, मग सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आत घालून घालून साफ केला. जवळजवळ चहाचा अर्धा कप भरेल एवढा गाळ निघाला. बाहेरून शाफ्ट इतका चकचकीत होता की मेस्त्री म्हणाला, बाय, याला हात लावायची गरज नाही.

तुमचे सगळेच कोरडे आहेत की मागून पुढे फरक आहे? तो फरक बराच काही सांगतो.

माशेलचा_मार्क२ | सोमवार, रात्री ९:२०

काका, ताई, दोघांचे आभार. उत्तरं देतो.

फेसिंग साधारण ०.०२० इंच झालं. हेड आधीही एकदा फेस झालं असावं असं लेथवाला टर्नर म्हणाला, म्हणून पुशरॉड (खालून रॉकर ढकलणाऱ्या काड्या) लांब पडू नयेत यासाठी पेडेस्टलखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे शिम त्यानेच कापून दिले, चार. कॅम बेरिंग त्यानेच दाबले, मी पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू. गॅस्केट नवीन, छापलेली बाजू बघूनच बसवली.

ताई, सगळेच आठ कोरडे आहेत. शाफ्ट आम्ही साफ केला होता, तार आरपार गेली होती.

जुना_पाना | सोमवार, रात्री ९:४५

शिम.

शंभरातले ऐंशी मार्क मी शिमला देतो, उरलेले कॅम बेरिंगला. मागच्या पेडेस्टलखालच्या शिमला तेलाचं भोक लागतं, बाकीच्या तिघांना नाही. चार सारखे कापले की झाली गंमत. बेरिंगचं भोक चुकलं असेल तर मात्र इंजिन खाली येणार, म्हणून देवाला आधी शिमचंच मागून घे.

पण घाईघाईत रॉकर असेंब्ली सोडवू नको, हे नीट वाच. या इंजिनात पेडेस्टलचे आठ नट असतात, त्यातले चार छोटे आणि चार मोठे. ते चार मोठे नट हेडही धरून असतात. फक्त तेवढे ढिले केलेस तर हेड एका बाजूने उचलणार आणि रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये, तिथून खाली तेलाच्या चेंबरमध्ये. तेलाचं ताक होईल. म्हणून आधी पाणी काढ, मग हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे ढिले कर, नंतर पेडेस्टलचे.

त्याच्याही आधी टॅपेटचे, म्हणजे रॉकरवरचे, सगळे स्क्रू मागे घे, म्हणजे स्प्रिंगचा ताण शाफ्टवर राहणार नाही. पुशरॉड सरळ ओढू नको. बोटांत धरून फिरव, खालच्या टॅपेटपासून (कॅमवर बसणारा ठोकळा) सुटला की मग उचल, नाहीतर तेलाच्या चिकटीने टॅपेटही वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, नंबर घालून त्यात रोवून ठेव. असेंब्ली सरळ वर उचल आणि लगेच हेडमधलं मागचं भोक बघ. काठापर्यंत तेलाने भरलेलं असेल तर खालची वाट मोकळी आहे. सुकं असेल तर मला फोटो पाठव आणि मग रडू आपण दोघं.

सासष्टीकर | सोमवार, रात्री ११:१०

जुना_पाना, तुम्हाला पानं नव्हे, पुराणं लिहायला पाहिजे होती. :)

माझ्याकडची एक सोय सांगतो. मडगावात एकाने या इंजिनाला बाहेरून पाइप टाकून दिला होता. गेजच्या जोडणीला टी लावायची, तांब्याची नळी मागच्या बाजूने वर घ्यायची आणि थेट मागच्या पेडेस्टलमध्ये. बेरिंग चुकलेलं असलं तरी इंजिन खाली न उतरवता काम होतं. चार वर्षं गाडी चालली.

जुना_पाना | मंगळवार, सकाळी ६:५५

चालली असेल. मीही बघितल्यात तशा. मला पटत नाही.

मूळ वाट मुद्दामच बारीक ठेवलेली आहे, रॉकरला फार तेल लागत नाही. थेट गॅलरीचं तेल मोठ्या नळीने वर सोडलं की हेडमध्ये तळं साचतं, ते व्हॉल्व्ह गाइडमधून खाली जळायला जातं आणि मागून निळा धूर निघतो. आणि तेवढंच तेल क्रँकला कमी. वरचा खोकला गेला आणि खालचा दमा आला. शिवाय कंपनाने नळी तुटली तर रस्त्यावर सगळं तेल सांडून मोकळं.

एक सांगायचं राहिलं. रॉकरचं तेल परत खाली जातं ते पुशरॉडच्या वाटेने, टॅपेटना भिजवत. म्हणजे साठ किलोमीटर तुझे टॅपेटही अर्धपोटी होते. हाताशी आहे तोवर बाजूची टॅपेट चेंबरची कव्हरं उघड आणि तळ बघ, खड्डे पडलेत का.

माशेलचा_मार्क२ | गुरुवार, रात्री ११:३५

सापडलं!!

सविस्तर लिहितो, झोप येत नाहीये.

आज दुपारी चारला सुरुवात केली. पाऊस धो धो, मांडवाच्या एका कोपऱ्यातून गळती, मेव्हणा छत्री धरून. पाणी काढलं, स्क्रू मागे घेतले, नट काकांनी सांगितल्या क्रमाने. आठ पुशरॉड आईच्या साडीच्या खोक्यात रोवले. असेंब्ली दोघांनी मिळून उचलली तेव्हा माझा श्वास अडकला होता.

शिम हेडवर राहिलाच नाही, पेडेस्टलच्या पायाला चिकटून वर आला. खाली हेडचं भोक. टॉर्च मारला. काठोकाठ तेल, अगदी समईसारखं, टॉर्चचा दिवा त्यात दिसत होता. मेव्हणा ओरडला, "भरलंय रे, भरलंय!"

मग शिम नखाने सोडवला आणि उलटा केला. खालच्या बाजूला त्या भोकाच्या मापाचा तेलाचा गोल ठसा, कोणी शिक्का मारावा तसा. वरची बाजू कोरडी, पांढरी. स्टडसाठी भोकं आहेत, तेलाचं नाही. साठ किलोमीटर तेल त्या पत्र्यावर खालून डोकं आपटत होतं.

खात्री करायची म्हणून मोठ्या स्टडवर जाड पाइपचे चार तुकडे घालून नट हलके बसवले, प्लग आधीच काढलेले होते, आणि सेल्फ मारला. मागच्या भोकातून तेल बुळुक बुळुक वर आलं. कारंजं वगैरे नाही, पण येत होतं. कॅम बेरिंग बरोबर आहे, इंजिन खाली उतरवायचं नाही. देव बरें करूं काका!

शाफ्ट मात्र गेला. खालच्या बाजूला नख फिरवलं तर पायरी लागते, दोन ठिकाणी चरे स्पष्ट दिसतात. वरची बाजू नव्यासारखी. असं का? वजन तर वरून असतं ना?

मोरजीची_मायनर | शुक्रवार, सकाळी ९:१०

अभिनंदन! "समईसारखं" वाचून हसले आणि मग खरंच डोळ्यासमोर आलं.

शाफ्टचं असं आहे. रॉकरच्या एका टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग खालून वर ढकलते, दुसऱ्या टोकाला पुशरॉडही खालून वर. दोन्हीकडून वर. म्हणजे रॉकर शाफ्टवर बसलेला नसतो, शाफ्टला खालून उचलत असतो. म्हणून झीज नेहमी खालच्या पोटावर आणि शाफ्टची तेलाची भोकंही तिकडेच. माझ्या मेस्त्रीने चकचकीत म्हणून पास केलेला शाफ्ट त्याने वरूनच बघितला होता.

आता शाफ्ट उलटा फिरवून वापरायचा विचारही करू नका, कोणीतरी सुचवेलच. भोकं चुकीच्या बाजूला जातील.

तिळारी_टर्बो | शुक्रवार, सकाळी ९:३०

मी सुचवणारच होतो. :(

जुना_पाना | शुक्रवार, दुपारी १:२०

ताईने माझं काम वाचवलं. शिवाय एक छोटा स्क्रू पेडेस्टलमधून शाफ्टला धरून असतो, तो शाफ्ट दुसऱ्या पद्धतीने बसूच देत नाही. स्क्रू बसत नाही म्हणून तो काढून टाकणारे महाभाग मी बघितलेत. मग शाफ्ट चालता चालता फिरतो आणि भोकं जिथे जातील तिथे.

नवीन शाफ्ट घे, पाच-अष्टमांश इंची. आल्यावर आतून फुंकून, तार घालून बघ, नव्यातही कात्रण अडकलेलं असतं. टोकांचे प्लग घट्ट आहेत का तेही बघ, एक गळाला तर तेल टोकातूनच पळेल आणि मधले रॉकर उपाशी. नव्या शाफ्टवर प्रत्येक रॉकर घालून हलवून बघ, टोक वरखाली डुलतं का. डुललं तर बुश पण गेले.

शिमला भोक पाड, कडा कानशीने मोड. भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठं असू दे, लहान नको.

कोथरूडकर | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

हेडचे नट ढिले केलेत म्हणजे गॅस्केट बदलायलाच हवी ना? एकदा दबलेली गॅस्केट परत धरत नाही असं मी ऐकलंय.

सासष्टीकर | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

साठ किलोमीटरची गॅस्केट आहे. हेड उचललं नसेल तर परत कसून बघायला काय हरकत? गळली तर बदला.

जुना_पाना | शुक्रवार, रात्री ८:१५

या बाबतीत मी सासष्टीकरांच्या बाजूने. हेड जागचं हललं नसेल तर मॅन्युअलातल्या क्रमाने, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत कसायचं. पेडेस्टलच्या छोट्या नटांना २५ फूट-पाउंड पुरे, जोर दाखवायचा नाही. हेड थोडंही उचललं गेलं असेल तर कोथरूडकर बरोबर, नवीन गॅस्केट. पोरा, तू उचललंस का?

माशेलचा_मार्क२ | शुक्रवार, रात्री ८:३०

नाही काका, जागचं हललं नाही. शाफ्ट कोलकात्याहून मागवलाय. टॅपेट बघितले, तळ गुळगुळीत आहेत, फक्त एकावर बारीक रेघ. फोटो टाकतो.

जुना_पाना | शुक्रवार, रात्री ८:५०

रेघेने काही होत नाही. खड्डा असता तर बोललो असतो. त्याची जागा बदलू नको, ज्या बिळातला त्याच बिळात.

माशेलचा_मार्क२ | पुढचा गुरुवार, रात्री १०:१५

मंडळी, अर्धी बातमी चांगली, अर्धी वाईट.

शाफ्ट आला, साफ होता. बांधलं. शिमला भोक पाडलं. टॅपेट ०.०१५ इंचावर सेट केले. प्लग न लावता सेल्फ मारत राहिलो, दहा-दहा सेकंद, मध्ये बॅटरीला विश्रांती. तिसऱ्या खेपेला मागच्या पेडेस्टलशी ओल दिसली, मग पुढे पुढे सरकत सगळ्या रॉकरच्या बाजूंनी तेल पाझरलं. मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या.

मग सुरू केलं. कव्हर काढूनच, आयडलला. पाचेक मिनिटांनी बघतो तर मागून मोजत तिसरा आणि सहावा रॉकर शाफ्टशी ओले, पण पुशरॉडच्या वाटीत, स्क्रूच्या गोळ्याशी कोरडे ठाक. बाकीच्या सहांच्या वाटीत तेल चमकतंय. हे काय नवीन?

आणि एकूणच तेल फार कमी येतं असं वाटतं. थेंब थेंब. बरोबर आहे का?

जुना_पाना | पुढचा गुरुवार, रात्री १०:४०

थेंब थेंब बरोबर आहे. आयडलला ओलं राहून हळूहळू ओघळायला हवं, कारंजं उडायला लागलं तर मी घाबरेन.

आता ते दोन. रॉकरच्या बुशमधून पुढे एक बारीक वाट स्क्रूच्या टोकाला जाते, गोळा आणि वाटी तीवर जगतात. नवीन बुश दाबला की तो त्या वाटेचं तोंड झाकतो. दाबून झाल्यावर साधारण दोन मिलिमीटरच्या ड्रिलने भोक परत पाडायचं असतं. तुझ्या टर्नरने सहांना पाडलं आणि दोघांच्या वेळी बहुतेक जेवायला गेला. आंधळे बुश.

ते दोन काढ. स्क्रू बाहेर घे, त्या बाजूच्या वाटेने बारीक ड्रिल घालून बुशपर्यंत पोच. कात्रण आत राहू देऊ नको, हवेने फुंक, पेट्रोलने धू, परत फुंक. बुशचा सांधा वरच्या बाजूला आणि तेलाची खाच खाली आहे ना, तेही त्याच वेळी बघ. खाच वर असेल तर बुशच नवीन, कारण भार खाली आहे. ताईने समजावलंय ते.

मोरजीची_मायनर | पुढचा गुरुवार, रात्री ११:००

आणि उरलेले सहाही बाहेर काढून तपासा हो. असेंब्ली काढणारच आहात. स्क्रू काढून पिचकारीने पातळ तेल सोडायचं, दुसऱ्या बाजूने यायला हवं. मी आता कुठलाही रॉकर पिचकारी मारल्याशिवाय बसवत नाही, मेस्त्री हसतो.

परत पाणी काढा! ते विसरू नका.

तिळारी_टर्बो | पुढचा शुक्रवार, सकाळी ८:२०

एक प्रश्न विचारू का, हसू नका. टॅपेट सेट करताना कुठला व्हॉल्व्ह कधी बंद असतो हे कसं कळतं? मी प्रत्येक वेळी गोंधळतो.

सासष्टीकर | पुढचा शुक्रवार, सकाळी ९:००

नवाचा हिशोब. पुढून मोज, एक ते आठ. जो पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा आकडा नवातून वजा कर, उत्तर आलं तो सेट कर. आठवा दाबला की पहिला, सहावा दाबला की तिसरा, चौथा दाबला की पाचवा, दुसरा दाबला की सातवा. मग उलट. प्लग काढून ठेव म्हणजे हँडलने इंजिन एका हाताने फिरतं.

कोथरूडकर | पुढचा शुक्रवार, सकाळी १०:३०

तेल कुठलं घालताय? नव्या तेलात झिंक कमी असतं, जुन्या टॅपेटना चालत नाही म्हणतात.

जुना_पाना | पुढचा शुक्रवार, सकाळी ११:१५

अर्धं खरं. झिंकची, म्हणजे त्यातल्या फॉस्फरसची मर्यादा पातळ ग्रेडवर आहे, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-५०ला ती बंधनकारक नाही. याला साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घालायचं. पाचशे किलोमीटरला बदलायचं, रिंगा बसेपर्यंत बुरादा निघतोच. महागाचं सिंथेटिक आत्ता नको.

पोरा, तुझं आधीचं तेल ओतून टाक आणि फिल्टरही बदल. शाफ्टचे चरे म्हणजे तेवढं लोखंड तेलात फिरतंय.

माशेलचा_मार्क२ | रविवार, संध्याकाळी ७:५०

झालं.

दोन्ही रॉकर आंधळेच होते. ड्रिल आत गेल्यावर पितळी कात्रण फिरत बाहेर आलं, बारीक केसासारखं. सहा जण पिचकारीत पास झाले. एका बुशची खाच वर निघाली (चालणाऱ्या सहांतला!), तो बुश फोंड्याला दुसरीकडून बदलून घेतला. आधीच्या टर्नरकडे गेलो होतो. शिम आणि बुश दोन्ही टेबलावर ठेवले. तो शिम हातात घेऊन बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "अरे, हांव चुकलों." पैसे परत देत होता, घेतले नाहीत, पुढच्या वेळी हेड फुकट फेस करून देईन म्हणाला. मी म्हटलं, आता परत फेस केलं तर हेड उरणारच नाही.

तेल, फिल्टर बदलला. आता कव्हर काढून आठही वाट्या ओल्या दिसतात. चिमणी गेली. टकटक नाही, टॅपेटची ती हलकी टिकटिक आहे, ती राहू द्या ना?

जुना_पाना | रविवार, रात्री ८:१०

राहू दे. पूर्ण गप्प असलेल्या टॅपेटची मला भीती वाटते, घट्ट असले तर व्हॉल्व्ह जळतो.

मोरजीची_मायनर | रविवार, रात्री ८:४०

आणि माटोळी??

माशेलचा_मार्क२ | चवथीच्या आदल्या रात्री, ११:५५

आणली ताई. माटोळी बाजारात गर्दी इतकी की गाडी लांब लावली. डिकीत नारळांचा घड, सुपारीचे शिपटे, तोरिंजन, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर कांगलांची (माटोळीच्या रानफळांची) जुडी, कोणाला हात लावू देत नव्हती. येताना चढावर थांबून कव्हरचं झाकण काढून टॉर्च मारला. आई म्हणाली, बाप्पा घरी यायचाय अजून, तू इंजिनाची आरती आत्ताच कसली करतोस?

जुना_पाना | चवथीच्या दिवशी, सकाळी ६:३०

तेल टाकायच्या झाकणातून रॉकर किती दिसणार, एखाददुसरा. पाचशे किलोमीटरला कव्हर पूर्ण उतरव, हेडचे नट परत टॉर्क कर आणि टॅपेट पुन्हा तपास. हेड कसलं की ते बदलतात.

माशेलचा_मार्क२ | चवथीच्या दिवशी, दुपारी ३:१०

हो काका. आत्ता एकशे चाळीस झालेत. फीलर गेज मेव्हण्याकडे राहिलंय, उद्या नेवऱ्या द्यायला जाईन तेव्हा आणतो.